चौकटीचा नांगर

हीउमा बेटावरचं ग्रंथालय बंद झाल्यावर
आउने किविसेल्ग गावपत्राची पानं लावत बसते.
साडेतीनलाच अंधार. हीटर टकटक करतो.
पहिल्या पानावर फेरीबोटींचं हिवाळी वेळापत्रक,
सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार पाठीमागे.
खाली नगरपालिकेचा ठराव : धक्क्यावरचे दिवे बदलणार.
उजव्या समासाला लागून
तिने माऊसने एक चौकट ओढली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
आणि आत लिहिलं :
एंदेल कास्क, वय चौऱ्याऐंशी,
बर्फरस्त्याचा मोजणीदार,
गेला.

तीन ओळी. तेवढीच जागा होती.

मजकुराला तिने सांगितलं, वळसा घाल.
मजकूर शहाणा. बाजूला सरला,
जशी माणसं सरतात अरुंद जिन्यात
समोरून शवपेटी आली की.

मग फोन.
पोस्टातला माइदो म्हणाला, हे लिही,
की तो पहाटे पाचला समुद्रावर चालत जायचा,
बर्फाला भोक पाडून पट्टी सोडायचा आत,
आणि बावीस सेंटीमीटर भरले तरच
गाड्यांना हात दाखवायचा.
दूधकेंद्रातली वाइके म्हणाली, आणि हेही,
की कुणी सीटबेल्ट लावलेला दिसला
की काचेवर टकटक करायचा :
सोड तो पट्टा. बुडालास तर बाहेर यायला नको?
आणखी एकजण म्हणाला,
माझे पन्नास क्रोन राहिले त्याच्याकडे.
हे आउनेने लिहिलं नाही.
मग लिहिलं.
मग पुसलं.

चौकट खाली वाढत गेली.
अक्षरं अकराची दहा केली, दहाची नऊ.
ठरावातला दिव्यांचा खर्च
पुढच्या पानावर ढकलला,
तर चौकटच उडाली.
पहिल्या पानावर नाही. दुसऱ्यावर नाही.
सापडली तिसऱ्यावर,
बियाण्याच्या बटाट्यांच्या जाहिरातीला टेकून,
निवांत,
जसा तो टेकायचा
दुकानाच्या दाराला, काही विकत न घेता.

मग तिला दिसला समासात
मुंगीएवढा एक नांगर.
चौकट त्याला बांधलेली असते,
आणि तो रुतलेला असतो कुठल्यातरी परिच्छेदात.
हा रुतला होता दिव्यांच्या खर्चात.

नांगर. मातीत रुततो तोही,
पाण्यात रुततो तोही,
आपण एकाच शब्दात भागवतो.
आउनेच्या भाषेत त्यांना दोन शब्द आहेत.
एंदेलकडे दोन्ही वस्तू होत्या :
एक पायरीशी गंजलेली,
एक गोठ्यामागे गंजलेली,
आणि दोन्हींवर तो बूट खरवडायचा.

तिने तो चिमुकला नांगर उचलला, माऊसच्या टोकाने,
आणि सकाळी सातच्या बोटीपाशी टाकला.
आता ती ओळ जिथे जाईल
तिथे तो जाईल.
कडेला रेघ? काळी?
नको म्हणाली.
फक्त फिकट करडा रंग, दहा टक्के.
प्रिंटरने तोही अर्धाच उमटवला.

गुरुवारी हेल्यू आली, त्याची बायको,
दारात बुटांवरचा बर्फ झटकत.
चौकट कापून घेतली म्हणाली, कात्रीने,
रेघ नव्हती तर जरा वाकडीच गेली,
फ्रिजवर लावलीय.
छान लिहिलंयस. ते पट्ट्याचं तर अगदी.
माझ्यावरही ओरडायचा.

मग घुटमळली.
दुसरी प्रत आहे का गं?
पाठीमागे शनिवारच्या बोटी होत्या,
त्या अर्ध्या त्याच्याबरोबर गेल्या,
आणि मला तालिनला जायचंय, दाताच्या डॉक्टरकडे.

आउनेने विचारलं, कितीच्या बोटीने?

तेच तर बघायचंय, हेल्यू म्हणाली.